मोटारीचं कपाळ

"आप्पा, प्लेट दाखवा," मी परत म्हणालो.

उदगीरचे शिवलिंगआप्पा बॉनेटखाली डोकं घालून उभे होते. कापडाचं मोठं दुकान त्यांचं.

"होती की साहेब. लहानपणी बघितलेली हाय मी."

"कुठंय मग?" त्यांचा धाकटा भाऊ बसवराज बाजूलाच उभा होता. "मी कवापासून सांगायलोय, दोन गाड्या जोडून केलेली हाय ही."

मी नांदेडचा मोटार सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी बघून नुकसान ठरवायचं, हा माझा धंदा. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, लोकांना कोण उत्साह! त्यात दुष्काळ. तिथल्या व्यापाऱ्यांनी जुन्या मोटारींचा शो भरवला, तिकिटाचे पैसे जनावरांच्या छावणीला. मला परीक्षक नेमलं. गाड्या धुवायला सक्त मनाई होती. माणसं टँकरची वाट बघत होती, तिथं मडगार्डाला पाणी कोण देणार? सगळे मालक कोरड्या फडक्यानं धूळ झटकत होते.

शोमध्ये ओरिजिनॅलिटी बघायची म्हणजे गाडीची चकाकी बघायची नसते. कंपनीतून निघाली तेव्हा होतं त्यातलं आज किती उरलंय, ते बघायचं. मूळची फाटकी सीट चालते, नवी कोरी चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची ती प्लेट. इंजिन आणि ड्रायव्हरच्या मधल्या पत्र्याला फायरवॉल म्हणतात. या गाड्यांना तिथं कंपनीची पितळी पट्टी असते, तिच्यावर चासी नंबर. तोच नंबर खालच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. दोन्ही जुळले तर गाडी खरी. पट्टीच नसेल तर मी कशाच्या जोरावर खरी म्हणू?

आप्पांनी आधीच घोळ घालून ठेवला होता. शोला न्यायची म्हणून वडिलांची मॉरिस नवरीसारखी नटवली होती. नवा क्रीम रंग, नव्या रेक्झिनच्या सीटा, झगझगीत बंपर. माझं डोकंच फिरलं.

"अहो, हे काय करून बसलात?"

"शो हाय म्हनल्यावर मळकी गाडी आणायची का साहेब?"

कपाळ माझं!

आणि प्रश्न नुसत्या बक्षिसाचा नव्हता. वाटणीत गाडी दोघांच्या नावावर आली होती. हैदराबादच्या एकाला ती हवी होती, छत कापून वरातीची गाडी करायला. बसवराज तयार, आप्पा अडून बसलेले. शेवटी दोघांनी आईला शब्द दिला, परीक्षक खरी म्हणाला तर गाडी घरात राहील, नाही तर हैदराबादला जाईल. आई, म्हणजे अव्वा, तिथंच खुर्चीवर बसून होत्या. हैदराबादवालाही छत्री उघडून उभा होता. मला त्याचा विनाकारण राग येत होता.

मी टॉर्च घेऊन परत वाकलो. सगळी फायरवॉल क्रीम, फक्त मधोमध तळहाताएवढी जागा रंगावाचून सुटलेली. त्यावर राखाडी-तांबडा जाड थर.

"हे काय?"

"पूजेची जागा," आप्पा म्हणाले. "दरसाल दसऱ्याला वडील तिथंच विभूती लावायचे. पेंटर खरवडून काढणार होता, अव्वानं त्याला हाकलला."

"लोक बॉनेटवर लावतात. हे इथं आत कशाला?"

उत्तर अव्वांनी दिलं. "कपाळ हाय ते मोटारीचं. आमचे मालक म्हनायचे, हिचं नाव तिथंच लिव्हलंय."

नाव म्हणजे पट्टीच असणार, या थराखाली. "अव्वा, जरा रॉकेलनं पुसू का?"

"रॉकेल? देवाच्या जाग्याला? जमायचं न्हाई!"

"मग गाडी गेली समज अव्वा," बसवराज म्हणाला.

अव्वा लेकाकडं बघत उठल्या. खोबरेल मागवलं आणि स्वतःच्या बोटांनी त्या थरावर चोळत बसल्या. विभूती, कुंकू, इंजिनाचं तेल, सगळ्याचं मेण झालं होतं. हळूहळू ते पदराला निघत गेलं. आधी कडेचा गडद हिरवा मूळ रंग दिसला. मग पितळेचा काठ. मग अक्षरं.

मी चासीवरचा नंबर बसवराजलाच वाचायला लावला. पांढऱ्या पँटीनिशी तो धुळीत आडवा झाला. तो खालून एकेक आकडा म्हणायचा, मी वर पट्टीवर बोट ठेवायचो. शेवटचा आकडाही जुळला.

"गाडी खरी आहे," मी म्हणालो. "बक्षीस मात्र नाही."

"का न्हाई?" आप्पा उसळले.

"रंग, सीट, बंपर, सगळं तुम्हीच घालवलंत. मार्क द्यायला ठेवलंय काय?"

पहिलं बक्षीस अहमदपूरच्या एका डॉक्टरांच्या फाटक्या सीटच्या फियाटला गेलं. आप्पांनी माझ्याकडं पाठ फिरवली. बसवराज कपडे झटकत हैदराबादवाल्याकडं गेला आणि म्हणाला, "विकायची न्हाई आता." अव्वांच्या डोळ्यांना धार लागली.

मी पट्टीचा फोटो काढायला कॅमेरा आणेपर्यंत अव्वांनी कमरेची पिशवी सोडली होती. पट्टीवर तीन बोटं विभूती ओढून झालीसुद्धा.

"अहो अव्वा! आत्ताच तर साफ केली ना!"

"तुमी वाचलं न्हवं? झालं मग."

त्यानंतर कुठल्याही शोला गेलो की मालकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, गाडीची पूजा कुठं करता? प्लेटचं मग विचारतो.