ड्रममध्ये गाळलेलं पाणी

एंजलच्या कल्ल्यावर पहिला पांढरा ठिपका दिसला तेव्हा मला वाटलं, रव्याचा कण चिकटलाय. दुसऱ्या दिवशी पार शेपटीपर्यंत रवाच रवा! मासा टाकीतल्या दगडाला अंग घासून राहिला होता. मासा मेला तर दुसरा मिळतो हो, पण आमच्या घरात त्या माशावर एका माणसाची वाचा अवलंबून होती.

मामा, म्हणजे माझे सासरे. लातूरच्या अडत बाजारात उभी हयात त्यांनी सौद्याची बोली पुकारली. मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला आणि तो खणखणीत आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. आम्ही बडबडून थकलो, हे आढ्याकडं बघत बसायचे. मग नवऱ्यानं नांदेडहून ही काचेची टाकी आणली, आणि एका सकाळी मामा एंजलला म्हणाले, "खा." मी पोळी तव्यावर टाकून पळत आले! पुढं 'ये' आलं, होकाराचं 'हाव' आलं, पण सगळं माशाला. माणसाला एक शब्द नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता म्हणायच्या, "जल्मभर 'अगं, अगं' करून जीव खाल्ला. आता माशाला 'ये' अन् मला साधं 'अगं' न्हाई. बरं हाय बाबा."

ठिपके वाढले तसे मामा माशाशीही बोलेनात. नुसते काचेला नाक लावून बसायचे. मला ते बघवेना.

नांदेडच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भाभी, थंडीनं होतं असं. हीटर लावून पाणी हळूहळू गरम करा, निळी दवा टाका आणि रोज तळाचं पाणी नळीनं ओढून फेकून द्या. ठिपका माशावरनं गळून तळाला पडतो, तिथं त्याची पिल्लं निघतात. खरी बीमारी पाण्यातच असते."

फेकून द्या! नांदेडला गोदावरी आहे, त्याला म्हणायला काय जातंय? आमच्याकडं नळाची वाट पाहुण्यासारखी बघतात, रेल्वेनं पाणी आणून पाजलेलं गाव हे. तरी मी केलं. रोज सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी तळाचं पाणी बादलीत ओढायचं, बादली मोरीशी ठेवायची, आणि मोरीतल्या निळ्या ड्रममध्ये साठवलेलं पाणी कोमट करून टाकीत घालायचं. बादली मोरीत ओतायचं काम आत्याबाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. लाइट गेली की टाकीला गोधडी गुंडाळायची. घरी पाहुणे आले तर हसायचे. हसा म्हटलं, तुमच्या बापाचं काय जातंय!

आणि ठिपके गेले. एंजलचं अंग लख्ख झालं, मामांनी काचेवर बोट टेकवलं, ओठ हलले. मी देवाला नारळ बोलले. तो फोडायच्या आतच ठिपके परत आले, पहिल्यापेक्षा जास्त. आता टाकीतल्या बाकीच्या माशांच्या, काळ्या मॉल्यांच्या अंगावरसुद्धा. दवा खोटी निघाली का? हीटर बिघडला का? दुकानदार म्हणाला, "भाभी, कुठनं तरी परत येऊन राहिली बीमारी. बघा जरा." काय बघू, कपाळ माझं!

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले तर आत्याबाई मोरीत बसलेल्या. ड्रमच्या तोंडाला मामांचं जुनं धोतर बांधलेलं, आणि त्यावर बादलीतलं टाकीचं घाण पाणी त्या अगदी सावकाश ओतत होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"गाळून घेते. एवढं पाणी मोरीत सोडवत न्हाई गं मला. चार पदरी हाय फडकं, घाण समदी वरच ऱ्हाती."

"रोज गाळता?"

"मग? रोजच की."

माझं डोकंच फिरलं. फडक्यानं घाण अडते, डोळ्याला न दिसणारी ती पिल्लं थोडीच अडतात! म्हणजे सकाळी मी रोग काढत होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच ड्रममधून माझ्याच हातानं परत टाकीत घालत होते! मी ओरडले, "तुमच्यापायी मासा मरतोय! तो गेला तर मामा पुन्हा तोंड उघडायचे नाहीत. कळतंय का काही?"

आत्याबाईंच्या हातातली बादली तिरपीच राहिली. "शिवा शिवा," एवढंच त्या म्हणाल्या.

"तिला..."

मागून आवाज आला. टाकीपुढच्या खुर्चीत मामांनी तोंड आमच्याकडं वळवलं होतं. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. "तिला... बोलू... नको."

मला रडूच फुटलं. आत्याबाई मामांकडं बघतच राहिल्या. मग ओठाला पदर लावून उठल्या, ड्रमला दोन्ही हात घातले आणि आडवा केला. पेलाभर उरलेलं पाणीसुद्धा कुंडीत घालणारी ती बाई. सगळं पाणी मोरीतून वाहून गेलं.

दवा पहिल्यापासून सुरू केली. मॉल्या जगल्या. एंजलमध्ये मात्र काही उरलं नव्हतं. एका पहाटे तो तळाशी आडवा दिसला, आणि मी चहा गाळताना मनात वाक्यं जुळवू लागले, मामांना सांगायचं कसं. आत्याबाई देवापुढं विभूती लावत बसल्या होत्या.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"अगं... गेला तो."

"हाव, आले," म्हणत आत्याबाई पूजा तशीच टाकून धावल्या.