कदम सरांचं ‘घरचं वाक्य’

शाळेत किस्से साठवायला कपाट लागत नाही. स्टाफरूममध्ये चहा आला की ते आपोआप निघतात. लोह्याजवळच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवते, पण किस्से मात्र सगळे इंग्रजीच्या कदम सरांचे. ते सांगताना मान माझी ताठ होते, हेही कबूल करते.

सरांची पद्धत अशी, की फळ्यावर जोडीचे दोन शब्द लिहायचे. कानावर पडणं ते ‘हिअर’, कान देऊन ऐकणं ते ‘लिसन’, एवढं सांगायचं आणि पाठांतराला बंदी. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरात खरंच घडणारं वाक्य आणायचं. खरं आहे म्हणून खाली घरच्यांची सही.

एकीने आणलं, कुकरची शिट्टी आम्ही सगळे हिअर करतो, लिसन फक्त आई करते. शिट्ट्या तीच मोजते ना! सरांनी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

एकदा नांदेडहून साहेब तपासणीला आले. त्यांनी याच दोन शब्दांची व्याख्या विचारली आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “घरचं सांगू का?” मग पोरांनी साहेबांना तासभर सोडलं नाही. निघताना ते हळूच म्हणाले, “मीटिंगमध्ये मी निस्तं हिअर करतो हो.”

हा किस्सा मी घरी नवऱ्याला दोनदा सांगितला. त्यांनी दोन्ही वेळा हिअर केला.

आता सुनंदाचं. दहावीची, माझ्या गणितातही पहिली. तिला अकरावी सायन्सला लातूरला जायचं होतं, आणि वडील पोरीला हॉस्टेलवर ठेवायला तयार नव्हते. वहीत तिचं एकच वाक्य होतं: माय फादर हिअर्स मी. लिसनचं कुठंय, असं सरांनी विचारलं.

“आमच्या घरात न्हाई सर,” ती म्हणाली.

नियमाप्रमाणे वही सहीसाठी घरी गेली. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, अर्थ तिनेच सांगितला. पंधरा दिवस झाले तरी वही परत आली नाही. तुमच्या नियमापायी पोरीचं शिक्षण जाईल, असं मी सरांना तोंडावर सुनावलं.

एका सकाळी वडीलच वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभे. सरांनी खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

“ह्या वाक्याखाली सही न्हाई करत मी,” ते म्हणाले. “काल लातूरला हॉस्टेल बघून आलो. दुसरं वाक्य लिही म्हणावं तिला.”

सुनंदाला बोलावलं. तिने उभ्या उभ्याच लिहिलं. सहीच्या आधी वडिलांनी ते वाचायला सांगितलं, तिने वाचलं.

पेन हातात तसाच धरून ते म्हणाले, “आजून एकदा वाच.”