अंड्यांसाठी घेतलेली रजा

नवऱ्याला मी समोर अहो-जाहो करते. इथे लिहिताना करणार नाही, कारण त्या उन्हाळ्याचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

मुलीला घेऊन मी मस्कतला उतरले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. तोवर आमचा संसार म्हणजे वर्षातून एक महिना. तो ओमानमध्ये, शेतांवरचे पंप आणि शीतगृहं सांभाळणारा फोरमन. मी रत्नागिरीजवळच्या गावात सासू-सासऱ्यांपाशी. शेवटी एकदाचा फॅमिली व्हिसा मिळाला आणि मस्कतजवळच्या सीबला, जुन्या बाजारामागे त्याने दोन खोल्यांचं घर घेतलं. दार उघडलं तर समोर काचेची पेटी आणि पेटीत नारिंगी रंगाची सापाची मादी. नोकरी संपवून मायदेशी परतणाऱ्या कुणा इंग्रज इंजिनिअरने ती ह्याच्या गळ्यात मारली होती, आणि तेव्हापासून ती ह्याच्याबरोबरच राहत होती.

बिनविषारी आहे, घाबरू नकोस, असं तो म्हणाला. मी घाबरले नव्हते. आमच्या गावात सापांची काय वाण होती? माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. इतकी वर्षं माझ्या वाट्याला एक महिना आला होता आणि उरलेले अकरा हिच्या.

कामावरून आला की तो आधी पेटीपाशी जायचा. हात आत घातला की ती मनगटाला वेटोळं घालून निवांत बसायची. आमची मुलगी मात्र त्याच्या जवळ फिरकायची नाही. तिचे पप्पा तोवर फोनमध्ये राहत होते. प्रत्यक्षातल्या ह्या माणसाला काही सांगायचं झालं, तर ती माझ्या कानात येऊन ‘त्यांना सांग’ म्हणायची. त्याला ते लागत असेल, पण दिसायचं नाही. सापाने दोन आठवडे खाल्लं नाही तर मात्र चेहरा एवढासा व्हायचा. तिचे उंदीर फ्रीजरमध्ये माझ्या सुरमईला खेटून ठेवलेले असत. ते कुठून आणतो, हे मी कधी विचारलं नाही.

निझव्याला एकाकडे नर आहे असं त्याला कळलं, तेव्हा एका शुक्रवारी हा तिला कापडी पिशवीत घालून घेऊन गेला. मला निझव्याचा किल्ला दाखवायचं आल्यापासून चाललं होतं. माझी गाडी काही हलली नव्हती. हिला मात्र सासर पाहायला पाठवलं, आणि पुढच्या शुक्रवारी आणायलाही हाच गेला.

तिने अंडी घातली आणि घरातला उरलासुरला नवराही माझ्या हातून गेला. पांढरी, लांबट, चामड्यासारखी मऊ अंडी. कोंबडी फिरवते तशी ही फिरवायची नसतात, फिरवली तर आतला जीव मरतो, म्हणून त्याने प्रत्येकाच्या वरच्या अंगाला पेन्सिलीने ठिपका काढला. माशांचा थर्माकोलचा डबा धुऊन आणला. कुंड्यांच्या मातीत घालतात तो हलका भुसा पाण्यात कालवून त्यात पसरला, वर दमटपणा मोजणारं छोटं घड्याळ ठेवलं. भुसा मी हातात घेऊन पाहिला तर पाणी ठिबकत होतं. पोहे भिजवताना मूठ आवळली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी येऊ नये, एवढी अक्कल मला होती. मी तसं म्हटलं. त्याने निझव्याला फोन लावला आणि परत येऊन मला माझंच बोलणं त्या माणसाच्या नावावर ऐकवलं.

सीबला उन्हाळ्यात बाहेर हवा अशी की अंगावरचा कपडा क्षणात चिकटावा, आणि आत एसी अशी कोरडी की ओठ फुटावेत. माझे फुटले होते. दुकानातून व्हॅसलीन आणा म्हणून मी आठवडाभर सांगत होते, तो रोज विसरत होता. डब्यातला काटा जरा खाली आला की मात्र जेवता जेवता उठायचा. शेवटी अंडी कोरडी पडतात म्हणून त्याने बेडरूमचा एसी नावापुरता ठेवला. मी आणि मुलगी घामाने निथळत झोपायचो. अंडी आरामात होती.

मधे त्याला कामासाठी खाबुऱ्याला जावं लागलं. रोज बूथवरून फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, काटा कुठे आहे. मी कुठे आहे, मुलगी कशी आहे, हे कार्डावरचे पैसे संपत आल्यावर. एका सकाळी पाहिलं तर दोन अंड्यांना खळी पडली होती, आतलं पाणी आटत चालल्यासारखी. मी डब्याकडे बघत बराच वेळ उभी राहिले. काय वाटत होतं विचाराल तर, बरं वाटत होतं. मग मटकीला मोड आणायचं फडकं भिजवून घट्ट पिळलं आणि अंड्यांना लागणार नाही असं डब्याच्या तोंडावर ताणून बसवलं. दुसऱ्या दिवशी खळ्या भरल्या. फोनवर मी त्याला ह्यातलं काही सांगितलं नाही.

अंडी फुटायचे दिवस जवळ आले तसा तो एका संध्याकाळी सांगू लागला की त्याने तीन दिवस रजा घेतलीय. अर्बाबला, म्हणजे मालकाला, भेटला, मागितली, त्याने ‘खलास’, झालं, जा, म्हणून हात हलवला आणि दिली. इतकं सोपं.

मी पोळ्या लाटत होते. मुलीच्या वेळी माझे दिवस भरत आले होते तेव्हा गावातल्या दुकानातल्या फोनवर ह्याने मला सांगितलं होतं की रजा मिळत नाही. मी वर्षानुवर्षं त्या न पाहिलेल्या अर्बाबला शिव्या घातल्या होत्या.

"मग हिच्या वेळी का नाही दिली?"

त्याने ताट पुढ्यात ओढलं. मग म्हणाला, "तेव्हा मी मागितलीच नव्हती. नवा होतो. काढून टाकेल म्हणून घाबरलो."

तव्यावरची पोळी करपली. मी ती त्याच्याच ताटात वाढली, आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली. पुढचे दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. पेटीतली ती डोकं वर करून बघायची तेव्हा तिचाही मला संताप यायचा. तिच्या पिल्लांसाठी रजा मागता आली त्याला.

पहिल्या अंड्यावर चीर पडली ती दुपारची जेवणं झाल्यावर. मुलगी पलंगावर झोपली होती. तो डब्यासमोर मांडी घालून बसला होता आणि मी दारात. चिरेतून नाकाचं टोक बाहेर आलं, थोडं हललं आणि तिथेच थांबलं. आता हे असंच बसून राहील, घाई करणार नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला. मग डब्याकडे पाठ करून माझ्याकडे वळला.

"हिच्या वेळी तुला फार वेळ लागला होता का गं?"

मुलगी झाली तेव्हा त्याने वजन विचारलं होतं, पेढे वाटले का विचारलं होतं. हे कधीच विचारलं नव्हतं. आता कशाला चौकशी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण मी आत येऊन बसले आणि सांगायला लागले. सासऱ्यांनी शेजाऱ्याची जीप कशी आणली, घाटात ती कशी बंद पडली, दवाखान्यात वीज नव्हती, आणि पोर बाहेर आल्यावर रडेचना म्हणून नर्स कशी तिची पाठ चोळत राहिली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. इतक्या लक्षपूर्वक त्याने माझ्याकडे कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

बोलता बोलता मला दिसलं, त्याच्या पाठीमागे दुसऱ्या अंड्यावर चीर पडत होती. मी त्याला ते सांगितलं नाही.

"मग?" त्याने विचारलं.

मी पुढचं सांगू लागले, जमेल तितकं सावकाश.