चौकाच्या अलीकडे उतर

लेकराला सायकलवर कसं बसवावं, यावर आमच्या पवनीत प्रत्येक बापाला मत होतं. अक्कल मात्र एकालाही नव्हती. रागानं म्हणते असं वाटलं तर खुशाल वाटू द्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. घराघरात सायकल आली होती आणि सायकलच्या मागच्या कॅरिअरवर लेकरू. त्याला ना धरायला काही, ना पाय टेकवायला. दोन पाय चाकाच्या दोन्ही बाजूंनी लोंबकळत असायचे. दर दोन घरांआड एकाच्या टाचेवर चाकाच्या आऱ्यांनी कापल्याचा व्रण, आणि त्याचा बाप तो व्रण पाहुण्यांना असा दाखवायचा की पोट्ट्यानं लढाईच मारली. "लेकरं असेच मोठे होतेत," हे वर. झाली मोठी, लंगडत लंगडत.

आमची मुलगी सहा वर्षांची झाली, पहिलीत गेली. शाळा यांच्या कापडाच्या दुकानाच्या वाटेवर, म्हणून हेच तिला सायकलवर सोडत. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलाची टाच चाकात गेली. त्याच दुपारी मी जुन्या पलंगाची नवार कापली, दुहेरी शिवली आणि दोन पट्ट्या केल्या. कॅरिअरला खालून धरणारी दांडी असते ना, तिला दोन्हीकडून लेकराचे घोटे बांधायचे. एवढंच. पाय चाकाकडे जायचा प्रश्नच नाही.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अवो माय, लेकराले बकरीवानी बांधून धाडते का शाळेत? आमच्या घरी असं कोणाचं काई झालं नाई." त्यांच्या घरी कोणाकडे सायकलच नव्हती, हे त्या विसरल्या. मी आपली गाठी मारत बसले.

पोरगी तर पट्टी बघूनच भोकाड पसरायची. "मले नाई बांधाचं! बाबाचे पाय काहून नाई बांधत?" प्रश्न अगदी रास्त होता. मी दटावलं, चुचकारलं, मुरमुऱ्याचा लाडू हातावर ठेवला, काही उपयोग नाही. शेवटी तिच्या चिंधीच्या बाहुलीला आधी हँडलला बांधलं, मग तिला. बाहुली रडत नाही म्हटल्यावर तीही रडेना. चार दिवसांत स्वतःहून पाय पुढे करायला लागली. सहा वर्षांच्या लेकराला जे चार दिवसांत समजलं, ते तिच्या बापाला जन्मात समजलं नाही.

त्यातच चौकात नवा पोलीस जमादार आला. सायकलवर डबल सीट बंद, असा त्याचा हुकूम. दिसली डबल सीट की शिट्टी, आणि दोन्ही चाकांची हवा सोडून द्यायचा. कायदा चांगलाच होता म्हणा. पण आमच्या शहाण्यांनी लगेच तोड काढली. चौकाच्या पन्नास पावलं अलीकडे एक पानठेला होता. तिथं आलं की बाप म्हणायचा, "उतर." लेकरू टुणकन उतरायचं, दप्तर सांभाळत पायदळ चौक ओलांडायचं, आणि पलीकडे पिंपळाखाली पुन्हा चढायचं. शाळेच्या वेळेला दहा-बारा लेकरं ओळीनं जमादारासमोरून चालत जायची. शेजारून त्यांचे बाप सायकल चालवत, नजर समोर, ओळख ना पाळख. जमादाराला काय दिसत नव्हतं? तो स्वतः संध्याकाळी बायको मागे आणि पोर पुढच्या डंड्यावर घेऊन त्याच चौकातून जायचा. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरं काय!

पानठेल्यावरचे रिकामटेकडे यावर दिवसभर चर्चा करत. "सरकारले काय समजते लेकरातलं?" हे एकाचं. "आपण काय आपल्या लेकराचे दुश्मन हाओ?" हे दुसऱ्याचं. यातल्या एकानंही घरी लेकराचं तोंड कधी धुतलं नसेल. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

यांची अडचण मात्र निराळी झाली. पोरगी बांधलेली, तर चौकाआधी उतरणार कशी?

"तुह्या गाठी सोडत बसू का मी रस्त्यावर? लोकं हासतेत," हे म्हणाले.

मी म्हटलं, "हासू द्या. नाई तर घरापासून पायदळच न्या तिले."

यावर हे गप्प बसले. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. हा माणूस गप्प बसला की समजावं, मनात आपलंच ठरवून मोकळा झालाय.

दारात माझ्यासमोर पट्ट्या बांधायचे, ओढूनसुद्धा बघायचे. गल्लीचं वळण आलं की सोडून खिशात. पोरीला बजावून ठेवलं होतं, आईला सांगायचं नाही. ती उतरण्यात इतकी तरबेज झाली की सायकल थांबायचीही वाट बघेना. पानठेल्यावरचे म्हणत, "पोट्टी मोठी चपळ हाये," आणि यांची छाती फुगायची. हे सगळं मला मागून कळलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी असणार म्हणून हे घाईत होते. पानठेला आला, यांनी "उतर" म्हटलं, पण सायकल हळू केली नाही. तिनं उडी मारली आणि डावा पाय मागच्या चाकात गेला. आऱ्यांनी टाच सोलून काढली.

शेजारीण सांगत आली. मी पिठाच्या हातांनी तशीच धावले. पोचले तेव्हा पोरगी पानठेल्याच्या फळीवर बसलेली, पायाला यांचा खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळलेला, रक्तानं भिजलेला. समोर जमादार उभा. तो विचारत होता, "डबल सीट होती का?"

आणि माझा नवरा, एवढा उंचापुरा बाप्या माणूस, त्या रक्ताकडे बघत म्हणाला, "नाई साहेब. पोरगी पायदळ चालून राहिली होती."

तिथं दहा माणसं होती. सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. थू!

दवाखान्यात डॉक्टरांनाही यांनी तेच सांगितलं. टाके पडले. टाचेची शीर वाचली हे नशीब, पण महिनाभर पाय टेकवायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मलाही तीच कथा, "पायदळ होती वो, सायकलच्या मधात आली." मला! मी सरळ यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. दोन्ही पट्ट्या निघाल्या, नीट घडी केलेल्या. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सासूबाई उठून आत गेल्या, यावरून समजून घ्या.

मग पोरीजवळ बसले. "खरं सांग माय, तू सायकलवर होती ना?"

"नाई. मी पायदळ होती."

"पायदळ चालणाऱ्याची टाच चाकात कशी जाते वो?"

ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आई, खरं सांगितलं त जमादार आपल्या बाबाच्या सायकलची हवा काढते ना."

मी उठून अंगणात गेले. तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

महिन्यानं ती पुन्हा शाळेत निघाली तेव्हा सायकल मी ताब्यात घेतली. मला चालवता येत नव्हती, ढकलता येत होती. पोरगी कॅरिअरवर, दोन्ही घोटे बांधलेले, आणि पदर खोचून हँडल धरून मी चालत. यांना म्हटलं, तुम्ही दुकानात पायदळ जा, तुम्हाला पायदळाची फार आवड आहे. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघत होत्या. बघू द्या म्हटलं.

पानठेल्यापाशी आलो तर पोरीचे हात आपोआप गाठींकडे गेले. "आई, उतरव ना. चौक आला."

"बस. उतराचं नाई."

"जमादार पाहून राहिला!"

"पाहू दे."

जमादारानं शिट्टी तोंडाशी नेली आणि माझा चेहरा बघून खाली केली. "बाई, हे असं..." एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "चालवणारा कोणी बसला नाई वर, मंग डबल कसं झालं? हवा काढाची असंन त काढा, मी उभी हाओ." पानठेल्यावर कोणी हसलं नाही. जमादार बाजूला झाला.

मला वाटलं, जिंकले. मान वळवून मागे बघितलं, म्हटलं पोरीला दाखवावं, बघ, काही झालं नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"हात काढ," मी म्हटलं. "तू काई गुन्हा नाई केला."

शाळेच्या फाटकापर्यंत तिनं हात काढले नाहीत.