दलालाने दाखवलेलं चौथं घर

यांची बदली दोंडाईच्याहून धुळ्याला झाली, तेव्हा आम्ही देवपुरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि रविवारी विकत घ्यायला घरं बघू लागलो. त्यासाठी एक दलाल लावले होते. साठीकडे झुकलेले, पांढरा पायजमा, जुनी सायकल. सगळे त्यांना नाना म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. माणूस सरळ होता. पहिल्या तीन घरांतल्या खोडी त्यांनी स्वतःच सांगितल्या: इथे उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही, तिथे भिंतीला लागून पिठाची गिरणी.

चौथं घर मात्र त्यांनी गप्प राहून दाखवलं. तीन खोल्या, वर गच्ची, मागे अंगण. घरात एक बाई होत्या. आम्ही ओळखीचे लोक आहोत, असं नानांनी त्यांना अहिराणीत सांगितलं, "वळखीना लोके शेत. चहा मांड." परक्या बाईला असं एकेरीत बोलतात, हे मला खटकलं.

हे आणि नाना गच्चीवर गेले. मी चुलीपाशी बाईंजवळ बसले. मीही अहिराणी बोलते म्हटल्यावर त्या मोकळ्या झाल्या. आलं ठेचता ठेचता त्यांनी विचारलं, "मंग, घर भेटनं का तुमले कोठे?"

"आम्हले तं हाईच आवडनं," मी म्हणाले आणि घर कधी रिकामं करणार तेही विचारलं. "तुम्ही कधी खाली करी देशात?"

त्यांचा हात थांबला. "हाई? हाई तं आमनं घर शे."

मी म्हटलं, नानांनी विकायचं म्हणूनच तर दाखवलंय. त्यांनी गच्चीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "वर गयात त्या मना घरधनी शेत."

नाना आपलंच घर दाखवत होते, आणि बायकोला त्याचा पत्ता नव्हता. तो मीच तिला दिला होता, तिच्याच चुलीपाशी बसून.

नाना खाली आले आणि बायकोचा चेहरा बघून दारातच थांबले. मग यांच्याकडे बघत म्हणाले, "मुलगा सुरतेला बोलावतो आहे. महिना झाला. लोकांची घरं विकतो मी, पण हिला सांगायला तोंड उघडत नव्हतं."

बाई भांडल्या नाहीत. माझा हात धरून मला मागच्या बाजूला नेत म्हणाल्या, "चाल, मांगलं बी दखाडस." त्यांनी मला पावसात ओल धरणारी भिंत दाखवली, न्हाणीची खचलेली फरशी दाखवली. "हाई त्यासनी तुमले सांगं नसेल." आम्ही घेऊ नये म्हणून, की आमची फसगत होऊ नये म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. चहा न घेताच आम्ही उठलो.

ते घर आम्ही घेतलं नाही. पुढच्या रविवारी नाना खाली मान घालून आले. त्यांनीच आम्हाला दुसरं घर मिळवून दिलं आणि यांनी कितीही म्हटलं तरी दलाली घेतली नाही.

पाच-सहा महिन्यांनी बाई मला भाजीबाजारात भेटल्या. घर विकलं का, मी विचारलं.

"इकनं," त्या म्हणाल्या. "ह्या खेपले त्यासनी माले आगोदर इचारं. मीच हा म्हनी."

एवढं बोलून त्या मेथीची जुडी उलटीपालटी करून बघू लागल्या. मी आपली भाजी घ्यायचीच विसरले आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आले.