ब्रेकचा धडा पुढच्या रविवारी

मुलीला सायकल शिकवण्यासाठी मी रीतसर पाठ टाचण काढलं होतं. (वीस वर्षं मास्तरकी केलीय. वरणाला फोडणी द्यायची झाली तरी आधी उद्दिष्टं लिहितो.) पहिला रविवार तोल सांभाळणे, दुसरा रविवार ब्रेक, तिसरा रविवार वळणे. बायकोने कागद वाचला आणि गालात हसत फ्रिजवर चिकटवला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

इरा आठ वर्षांची. तिच्या सायकलीला मागे दोन छोटी चाकं होती, त्यामुळे सिल्वासातल्या आमच्या कॉलनीतली पोरं ती दिसली की ओरडायची, "ए रिक्षा, राखोली जाएगी क्या?" शेवटी तिने रडून ती चाकं काढायला लावली. सायकलवाल्याने सीटही वर केली. आजवर ती पाय घासून थांबायची. आता पाय जमिनीला टेकेनात. ही गोष्ट माझ्या टाचणात नव्हती.

शनिवारी कॉलनीत रंगीत तालीम झाली. "धरलंय" असं सांगून मी हळूच सोडलं आणि इरा थेट मेंदीच्या कुंपणात! त्यामुळे रविवारी तिचा माझ्यावर काडीचाही विश्वास उरला नव्हता.

"बाबा, तू सोडतोस."

"नाही सोडणार. शप्पथ!"

"कालपण शप्पथच होती."

तिने आईची ओढणी आणली. एक टोक कॅरियरला, दुसरं माझ्या मनगटाला.

"घट्ट बांध गं," बायको म्हणाली. "ह्यांचा काही भरवसा नाही!"

जागा मी निवडली होती. कारखान्यांकडचा रस्ता, सरळ, किंचित उताराचा. रविवार म्हणजे शुकशुकाट! (सरकारी नोकराची समजूत असते की रविवारी अख्खं जग बंद असतं. कारखान्यांची सुट्टी वेगवेगळ्या वारी असते, हे मला इथल्या अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.) दुपारचे तीन वाजत आले होते.

"बाबा, धरलंयस?"

"धरलंय!"

पहिली दहा पावलं झकास गेली. पुढच्या दहा पावलांत मी चालायचा तो पळायला लागलो. मग उतार आला, आणि मला कळलं की मी सायकल धरलेली नसून सायकलीने मला धरलं आहे!

तेवढ्यात भोंगा झाला. समोरचं भलंमोठं फाटक उघडलं आणि पहिली पाळी बाहेर पडली. डबे हलवत माणसं, सायकली, मोटरसायकली! वॉचमन शिट्टी फुंकत धावला. "ओ साहेब, बाजूमां! शिफ्ट छूटे छे!"

"बाबा, एवढी माणसं!"

"समोर बघ! घंटी वाजव!"

घंटी वाजली आणि गर्दी दुभंगली. इरा मधून सरळ जात होती, काय सुरेख तोल! मागून मी, एक हात पुढे, एक चप्पल गायब. एक खानदेशी बाई ओरडली, "ओ भाऊ, सोडी द्या ना पोरगीले! चांगली चलाई ऱ्हायनी ती!"

सोडू कसं? गाठ ओढीने इतकी आवळली होती की बोटं निळी पडली. आणि तेव्हाच फाटकातून कामगारांची बस मागे यायला लागली. रस्त्याच्या बरोबर आडवी.

"इरा, ब्रेक दाब!"

"कुठला? तू म्हणालास पुढच्या रविवारी!"

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वळण तर तिसऱ्या रविवारी होतं! बसचा मागचा भाग मोठा मोठा होत चालला. लोक बसवर थापा मारत "रोको, रोको!" करत होते. शिकवायला आता वेळ नव्हता, म्हणून मी डोळे मिटले आणि भर रस्त्यात बसलो.

बसलो म्हणजे आपटलो. तसाच घासत चार हात गेलो. पण ओढणी ताणली गेली, सायकल हिसका खाऊन थांबली आणि इरा कलंडून अलगद शेजारून धावत आलेल्या त्या खानदेशी बाईंच्या हातात पडली. बस वीतभर अंतरावर उभी होती.

मग इरा धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"बाबा, तू खरंच सोडलं नाहीस!"

मला रडू आलं. पोर सुखरूप होती, वर तिचा माझ्यावर विश्वास बसला होता! (आजूबाजूच्यांना वाटलं मी दुखतंय म्हणून रडतोय. तेही खरंच होतं.) गाठ कापायला वॉचमनला कात्री आणावी लागली.

त्याच संध्याकाळी इरा एकटी कॉलनीत चकरा मारू लागली. ब्रेक तिला वॉचमनने दोन मिनिटांत शिकवला होता, वळणं तिची तिला जमली.

मी मात्र पुढचा आठवडाभर शाळेतले सगळे तास उभ्यानेच घेतले. शनिवारच्या सभेत मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं. "शिक्षक असावा तर असा! आठवड्यात एकदाही खुर्चीला स्पर्श नाही!" टाळ्या झाल्या, आणि सर प्रेमाने म्हणाले, "या, आता माझ्या शेजारी बसा."