हाकेला ओ

उन्हाळ्याची सुट्टी संपवून मी सावलीहून चंद्रपूरला निघालो होतो. दुसऱ्या दिवसापासून ऑफिस. एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. तेंदूपत्ता तोडून तोडून त्यांची बोटं काळी पडली होती. थोड्या थोड्या वेळानं त्या मान न वळवताच ओरडायच्या, "आहेस ना वो?" मागच्या सीटवरून त्यांची सोबतीण ओ द्यायची, "हाव!" मला त्याचा वैताग यायला लागला.

माझं सगळं लक्ष फोनमध्ये. शेवटी त्यांनीच विचारलं, "काऊन भाऊ, घडीघडी फोन पाहून राह्यले?"

"सुट्टीभर ऑफिसातून एकही फोन आला नाही."

"मंग बरंच झालं ना!"

बरं कसलं! माझ्यावाचून तिथलं सगळं सुरळीत चाललंय, ही धास्ती यांना कशी सांगणार? मी उलट विचारलं, "तुम्ही सारख्या हाका का मारता?"

"जंगलातली सवय हाय, भाऊ. पत्ता तोडताना वाघाचं भेव रायते. हाकेले ओ नाई आली, तं सगळ्याजणी हातातलं टाकून धावतो." मग माझ्या फोनकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे तुमाले कोणी हाकच नाई मारली?"

मूलच्या स्टँडवर दोघी उतरल्या. खाली उतरतानाही एक हाक झाली, एक ओ आली. मग बस शांत झाली.

मघाशी जिचा वैताग आला होता, त्या हाकेसाठी मी चंद्रपूर येईपर्यंत कान देऊन बसलो होतो.